साडेपाच क्विंटलचं कार्ड

परभणी जिल्ह्यात ग्राफिक्स कार्ड घरात एकमतानं आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फ्रीज एकमतानं येतो. कूलर आवाजी मतदानानं येतो. सोयाबीन बरं झालं तर मोटारसायकलसुद्धा फार खळखळ न होता दारात उभी राहते, कारण तिच्यावर बसून सोयरिकीला जाता येतं. कार्डावर बसता येत नाही, ते पाहुण्यांना दाखवता येत नाही आणि लग्नाच्या बायोडेटात लिहिता येत नाही. कॅबिनेटच्या आत, अंधारात, एका खाचेला लटकून ते पडून असतं आणि किंमत मात्र कधीकधी त्या सगळ्या कॅबिनेटपेक्षा जास्त. ज्या माणसानं जन्मभर वस्तू हातात घेऊन, वाजवून, वजनाचा अंदाज घेऊन विकत घेतली, त्याला हे पटायचं कसं?

म्हणून हुशार पोरं कार्डाच्या आधी कारण शोधतात. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि ‘नोकरीला लागतं’ एवढ्या दोन शब्दांवर घरोघरी कम्प्युटर आले. त्याच कम्प्युटरवर पुढं व्हाइस सिटी ही गेम चालली आणि आईबाप दारातून डोकावून समाधानानं म्हणत राहिले, पोरगं कोर्स करतंय. मग इंजिनिअरिंग कॉलेजांचं पेव फुटलं तेव्हा ‘ऑटोकॅडला लागतं’ आलं. सध्या ‘एआय शिकायचंय’ चालू आहे. आजवरच्या कारणांत हे सगळ्यात जबर, कारण ते बरंचसं खरं आहे. पोरांच्या खेळासाठी चिप बनवणारी एनव्हिडिया ही १९९३ मध्ये तिघांनी मिळून काढलेली कंपनी. आज एआयचा गाडा तिच्याच चिपांवर चालतो आणि २०२५च्या ऑक्टोबरात तिचं बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर पोचलं.

पण आमच्या घरात हा विषय त्याच्या आधीच, पोळ्याच्या सुमाराला निघाला. तेव्हाही कंपनीचा आकडा काही बारीक नव्हता. भाच्यानं तो दाजींपुढं टाकला. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. मानवतच्या शिवारात सोयाबीन, कापूस, थोडी तूर. त्यांनी आकडा नीट ऐकून घेतला, तंबाखू मळली आणि विचारलं, “एवढं कमवती का ही कंपनी?”

“हौ पप्पा.”

“मग कार्ड कामून घेऊ लालास? शेअर घेऊ.”

इथं मला फोन आला. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणाच्याही घरात कम्प्युटर हा शब्द भांडणात उच्चारला गेला की मला फोन येतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी येतो.

दाजी कोणताही भाव रुपयांत ऐकत नाहीत, क्विंटलात ऐकतात. भाच्याच्या डोळ्यांपुढं होतं २०२५च्या मे महिन्यात आलेलं आरटीएक्स ५०६०. अमेरिकेत २९९ डॉलर. डॉलरचे रुपये करा, त्यावर १८ टक्के जीएसटी चढवा, तीस हजारांच्या घरात गेलं. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. दाजींनी तोंडातल्या तोंडात भाग दिला.

“साडेपाच क्विंटल.” मग जरा थांबून, “हे हमीभावानं. मोंढ्यात नेलं तर सात. म्हंजे माझं एकरभर रान ह्या डबड्यात.”

आता ह्या माणसाला मॉडेल नंबरांचं गणित समजावायचं होतं. ४०६० म्हणजे ४० ही पिढी आणि ६० ही पायरी. पिढी नवी असली तरी पायरी खालची असू शकते. २०१९चं २०६० हे २०२२च्या ३०५०ला मागं टाकतं. मी घसा खाकरून सुरुवात केली आणि दोन वाक्यांत दाजींनी माझा हात धरून थांबवलं. ज्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या शेतकऱ्याला नंबर कुणी शिकवू नयेत. एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ अशी सोयाबीनची वाणं त्यांच्या तोंडपाठ.

“नंबर मोठा म्हंजे उतारा मोठा, असं नसतंय पाव्हणं. १६२ उभं वाढतं, हार्वेस्टरला बरं. पण माझ्या बांधावरून हार्वेस्टर आतच येत नाही, मग मला त्याचं काय? आधी रान बघायचं, मग पिशवी फोडायची.”

ग्राफिक्स कार्डाच्या निवडीवर इतका सरळ सल्ला मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही, आणि हे बोलणाऱ्यानं आयुष्यात एकही गेम खेळलेली नव्हती. मग मी त्यांना ह्या धंद्यातल्या भानगडी सांगत गेलो आणि त्यांची कळी खुलत गेली. जीटी १०३० नावाचं कार्ड २०१७ मध्ये आलं. पुढच्या वर्षी त्याच नावानं संथ मेमरीचं दुसरं कार्ड बाजारात सोडलं, खोक्यावर बारीक अक्षरांत फरक. आरएक्स ५८० मध्ये २,३०४ कोअर. त्याच नावाचं २,०४८ कोअरवालं भावंडही फिरतं. ३०५०चं ८ जीबीवालं निराळं आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीवालं निराळं. नुसती मेमरी कमी नाही, आतला ऐवजही कमी. आणि कहर म्हणजे २०२२ मध्ये एनव्हिडियानं ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, त्यातलं १२ जीबीवालं आतून पार वेगळं निघालं. एवढी बोंब झाली की कंपनीनं ते बाजारात येण्याआधीच मागं घेतलं आणि पुढच्या जानेवारीत ४०७० टीआय असं बारसं करून आणलं.

“लेबल बदलून दुसरंच बियाणं!” दाजींनी मांडीवर थाप मारली. “आन् तिकडं छापा टाकायला कृषी अधिकारी नाहीत का?”

मेमरीचा वाद तर त्यांना घरचाच वाटला. २०२१च्या ३०६० मध्ये १२ जीबी होती, २०२३च्या ४०६० मध्ये ८ आणि २०२५च्या ५०६० मध्येही ८. नव्या गेममधली चित्रं, भिंती, झाडं, माणसं त्या मेमरीत मावली नाहीत की गेम अडखळायला लागते, मग चिप कितीही तगडी असो. पिढी पुढं जाते आणि मेमरी कमी कशी होते, हे मलाही नीट सांगता येईना.

“त्यात काय सांगायचं?” दाजी म्हणाले. “माझ्या आज्याला बारा एकर होतं. मला आठ.”

भाच्याचे मित्र हा वेगळाच विभाग. परभणीच्या स्टेशन रोडवर चहा पिताना ग्राफिक्स कार्डाचा विषय काढून बघावा. प्रत्येक टोळक्यात एक तरी ‘अजून पाच हजार टाक’वाला असतो. तुम्ही १६५० म्हणालात की तो म्हणतो, त्यात काय राम नाही, अजून पाच टाक, ३०५० येतं. ३०५० म्हणालात की, अरे ते तर फसवं, अजून पाच, सरळ ४०६० घे. ४०६०वर पोचलात की ८ जीबीत भविष्य नाही, अजून थोडे टाक, १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी घे. कप संपेपर्यंत तुम्ही बापाच्या शेतासकट ५०७० पर्यंत चढलेले असता. ह्या माणसाच्या स्वतःच्या कम्प्युटरमध्ये कार्ड नसतं. चहाचे पैसेही तो देत नाही.

दुसरा इंटेलचा भक्त. २०२४च्या डिसेंबरात इंटेलनं आर्क बी५८० काढलं, २४९ डॉलर, १२ जीबी. पैशाच्या मानानं माल चोख, यात शंका नाही. पण त्याला सोबतीचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर नव्या जमान्याचे लागतात. जुन्या मशीनवर ते रुसून बसतं. आणि भाच्याचं मशीन कसं होतं? ऑफिसातून निघालेलं, रिफर्बिश केलेलं आय-५. त्याचा मॉनिटर १९ इंची, १३६६ बाय ७६८, सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. कार्डानं सेकंदाला दीडशे चित्रं काढून दिली तरी हा पठ्ठ्या साठच दाखवणार, बाकीची नव्वद विजेच्या बिलात.

विजेवरून आठवलं. ह्या सगळ्या चर्चेत जिच्याकडं कुणी बघत नाही ती वस्तू म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘५०० वॅट’ असा कागद चिकटवलेला असतो. त्या कागदावर विश्वास ठेवणं हा श्रद्धेचा प्रश्न आहे. तीस हजारांचं कार्ड सातशे रुपयांच्या डब्याच्या भरवशावर सोडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि नंतर त्यांचा जळका वासही घेतला आहे. ७५ वॅटच्या आत भागणारी कार्डं, म्हणजे १६५० किंवा ते ६ जीबीचं ३०५०, मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात. बहुतेकांना वेगळी वायर लागत नाही. ऑफिसातून रिटायर झालेल्या मशीनला ती मानवतात. त्याच्या वर आरएक्स ६६०० हे १३२ वॅट, ५०६० हे १४५, बी५८० हे १९०. सगळ्यात वर ५०९०, ५७५ वॅट. हा शेवटचा आकडा दाजींनी पुन्हा विचारून घेतला.

“पाऊण एचपी झाली की! पाणी किती काढती?”

यूपीएस घरात होता, ६०० व्हीएचा. ६०० वाचून भाचा खूश होता. प्रत्यक्षात असा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच ओझं उचलतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर तिघं मिळून जोरात असताना लाइट गेली तर गेम सेव्ह होण्याआधी यूपीएसच राम म्हणतो. शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात ह्या घरातलं दृश्य बघण्यासारखं असतं. दोनला दाजी मोटार चालू करायला उठतात आणि माठापाशी भाचा भेटतो. एकमेकांना कुणी काही विचारत नाही. दोघांनाही वाटतं, समोरचा कामानं उठलाय.

तर पोळ्याला असं ठरलं की दिवाळीत, सोयाबीनचे पैसे आले की ऑनलाइन सेलमध्ये बघू. सेल भरवणाऱ्यांना मराठवाड्याचं पीक-पाणी चांगलं कळतं. त्यांच्या तारखा आणि मळणी बरोबर एकाच सुमाराला येतात. पण २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. दाजींच्या रानात गुडघाभर पाणी उभं राहिलं आणि शेंगांना झाडावरच कोंब फुटले. साडेपाच क्विंटल कार्डाला द्यायचे की नाही हा प्रश्नच उरला नाही. भाच्यानंही विषय काढला नाही, ही गोष्ट मला त्याची आवडली. त्याच हिवाळ्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यामुळं रॅमचे भाव असे भडकले की दुकानदार फोनवर भाव सांगेनात, “या, मग बोलू” म्हणायला लागले.

खुद्द परभणीत कार्ड घ्यायला गेलं तर काउंटरवर सीसीटीव्ही कॅमेरे, राउटर आणि शाईच्या बाटल्या असतात. काचेच्या कपाटात एखादं १०३० शोभेला ठेवलेलं असतं. तुम्ही मागितलेलं नेमकं कालच गेलेलं असतं आणि “संभाजीनगरहून मागवतो, परवा येतं.” परभणीचा परवा हा लवचीक असतो. घाई असेल त्यानं स्टेशन गाठावं. देवगिरी एक्स्प्रेस एका अंगाला मुंबईला जाते, तिथून लोकलनं ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड. दुसऱ्या अंगाला सिकंदराबादला, तिथं चिनॉय ट्रेड सेंटर. कम्प्युटरच्या दोन मोठ्या बाजारांच्या मधोमध, दोन्हींपासून रात्रभर लांब, असं हे आमचं गाव. प्लॅटफॉर्मवर कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहायचं एवढाच काय तो प्रश्न.

ऑनलाइन मागवणाऱ्यांचं शास्त्र आणखी वेगळं. खोकं उघडताना घरातल्या एकानं व्हिडिओ काढायचा, पट्टी कापण्यापासून ते कार्ड बाहेर येईपर्यंत न थांबता. आत साबणाची वडी निघाली तर पुरावा हवा. एवढ्या भक्तिभावानं आमच्याकडं फक्त मुंडावळ्या बांधतानाचं शूटिंग होतं.

ह्या सगळ्यापेक्षा माझा भरवसा जुन्या कार्डावर आणि मे महिन्यावर होता. जुन्या कार्डांचा बाजार एकदा २०२२ मध्ये गडगडला होता. त्या वर्षी १५ सप्टेंबरला इथेरियम ह्या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डं लावून चलन खोदणाऱ्यांचा धंदा एका दिवसात बसला; महिनोन्‌महिने गोदामात तापलेली कार्डं ‘फक्त अभ्यासासाठी वापरलेलं’ म्हणून विकायला आली. त्यांच्या बाबतीत आपली जुनी म्हण होतीच: बनी तो बनी, नहीं तो परभणी. आता तो माल बराचसा संपला. पण मराठवाड्याची स्वतःची एक सोय आहे जी दिल्लीच्या नेहरू प्लेसलाही नाही. मेमध्ये दहावीचा निकाल लागतो आणि पोरगं नीटच्या तयारीला लातूरला जातं. जाताना त्याचा कम्प्युटर घरी राहतो. आई तो घरी राहू देत नाही.

असं एक घर जिंतूर रोडला निघालं. आरएक्स ६६००, ८ जीबी. २०२१चं कार्ड, पण १०८० पिक्सेलच्या पडद्यापर्यंत बहुतेक गेम निगुतीनं खेळवणारं. भाच्याच्या मॉनिटरसाठी तर जरा जास्तच; मॉनिटर पुढं बदलेल या आशेवर धकून गेलं. आम्ही तिघं गेलो. बाहेर ४४ अंश. आत त्या मुलानं कॅबिनेट कूलरच्या बरोबर तोंडाशी ठेवलेलं. खोलीतली हवा जेवढी तापते तेवढं कार्डही जास्त तापतं, त्यामुळं कल्पना चुकीची नव्हती, पण कूलरची दमट हवा सर्किटला नको, हे सांगायला मी तोंड उघडलं तोच त्याची आई म्हणाली, “बघा ना दादा. आम्ही घामानं निथळू लालो आन् गारवा त्या डब्ब्याला.”

विक्रेत्यांत फूट पडलेली आहे हे माझ्या तिथंच लक्षात आलं. मुलगा पंधरा हजारांवर अडून होता. मी स्क्रूवरच्या खुणा बघितल्या, जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर लावून आतलं नाव ताडून घेतलं, अर्धा तास गेम चालवून पंख्यांचा आवाज ऐकला. सगळं ठीक. मी बारा म्हणालो. मुलगा चौदा म्हणाला. आतून चहा घेऊन येताना आई म्हणाली, “तेरा द्या आन् आजच्या आज उचला.” मुलानं तिच्याकडं असं बघितलं की मला तिसऱ्या पानिपताची आठवण झाली. वर तिनं माउस फुकट दिला, हेडफोन दिला आणि तो दिवे लागणारा कीबोर्डही आमच्या पिशवीत घालत होती, तो मुलानं दोन्ही हातांनी परत ओढला.

दाजी एवढा वेळ गप्प होते. कोअर, वॅट, जीबी काही काही त्यांनी ऐकलं नव्हतं. चहा संपवून त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला.

“किती पडले?”

“चौऱ्याण्णव टक्के.”

“हे कार्ड लावून?”

“हौ.”

दाजींनी बनियनच्या खिशातून नोटा काढल्या. तेरा हजार म्हणजे अडीच क्विंटलाला जरा कमी. त्यात चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसची भर, तो मी भांडून घ्यायला लावला. परतीच्या एसटीत कार्ड दाजींच्या मांडीवर होतं. भाच्याला त्यांनी ते धरू दिलं नाही.

कार्ड बसलं, चाललं. भाच्याच्या मित्रांनी येऊन ‘अजून पाच हजार टाकले असते तर’ असं रीतीप्रमाणं सांगितलं. एआय शिकणं सुरू झालं की नाही ह्याची चौकशी मी केली नाही. पहिल्या आठवड्यात जी गेम घरात लागली ती मात्र भाच्यानं राजकारण करून निवडली होती: फार्मिंग सिम्युलेटर २५, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली. स्वित्झर्लंडच्या कंपनीनं बनवलेली शेती. ट्रॅक्टर, पेरणी, मळणी, ह्या वेळी तर म्हशीही.

मी रविवारी गेलो तेव्हा दाजी खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले होते. भाचा पाळी घालत होता आणि दाजी त्याला ओरडत होते की वापसा नसताना ट्रॅक्टर घालू नको, ढेकळं निघतील. शेजारी दोन भाऊबंद आले होते. एकाला म्हशीची जात पटत नव्हती. पीक हिरवंगार उभं राहिलं. पडद्यावर आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि ताडताड गारा पडायला लागल्या. ६६०० नं एकही गार न अडखळता दाखवली. पिकाची नासाडी झाल्याची सूचना आली.

खोलीत कुणी बोलेना. मग दाजींनी भाच्याच्या हातातला माउस काढून घेतला.

“सरक. पंचनाम्याचं बटण कुठंय?”